कानाची शस्त्रक्रिया: आधी कोरडा कान, मग ऐकणे

प्रश्न: माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. लहानपणी विहिरीत पोहायचा, तेव्हापासून त्याचा उजवा कान वाहतो. एका डॉक्टरांनी पडदा बसवू, ऐकू येईल, असे सांगितले. दुसऱ्यांनी सीटी स्कॅन काढून कानामागचे हाडही कोरावे लागेल, शिवाय ऐकू येण्याची खात्री देता येणार नाही, असे सांगितले. पाणी थोडेच येते, पण त्याला घाण वास आहे. मोठे ऑपरेशन उगाच गळ्यात मारले जात आहे का? (एक वाचक, यावल तालुका)

उत्तर: तुमचा संशय स्वाभाविक आहे, पण पत्रातले शेवटून दुसरे वाक्य मला दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूला नेते. कान वाहण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. पहिल्यात पडद्याच्या मध्यभागी भोक असते, सर्दी झाली किंवा कानात पाणी गेले की भरपूर, शेंबडासारखा, सहसा वास नसलेला स्राव येतो आणि औषधाने कान कोरडा होतो. दुसऱ्यात पडद्याचा वरचा किंवा मागचा भाग आत ओढला जाऊन त्याची पिशवी बनते, तिच्यात त्वचेचा मळ साचतो आणि ती हळूहळू शेजारचे हाड खात जाते. यालाच कोलेस्टिटोमा म्हणतात. त्यात स्राव थोडा असतो, पण वास असह्य असतो. कान दुखत नाही म्हणून घरचे लोक लसणाचे तेल घालत वर्षे काढतात आणि आजार आत सरकत राहतो. (वाहत्या कानात तेल घालू नये, हे मी या सदरात किती वेळा लिहिले, याचा हिशेब आता मीही ठेवत नाही.)

पडद्यामागच्या या पोकळीच्या एका बाजूला चेहरा हलवणारी नस, दुसऱ्या बाजूला तोल सांभाळणाऱ्या नळ्या आणि वर पातळ हाडापलीकडे मेंदू असतो. म्हणून चेहरा वाकडा होणे, चक्कर येणे, तापासह तीव्र डोकेदुखी होणे ही लक्षणे दिसली तर केळीची कापणी आटोपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पहिल्या प्रकारात कानाच्या वरच्या बाजूला असलेल्या स्नायूवरचे पातळ आवरण काढून त्याचे ठिगळ पडद्याला लावतात. नव्या पडद्याखाली विरघळणाऱ्या स्पंजचा आधार देतात आणि त्यावर काही आठवड्यांत त्वचा चढते. योग्य रुग्णात दहापैकी आठ-नऊ वेळा पडदा धरतो. दुसऱ्या प्रकारात नुसते ठिगळ लावणे म्हणजे उंदीर आत ठेवून कणगीचे तोंड लिंपणे होय. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली ड्रिलने कानामागचे मॅस्टॉइडचे हाड कोरून पिशवी मुळासकट काढावी लागते. कानाच्या नळीची मागची भिंत राखता आली तर कानाची घडण टिकते, पण आजार पुन्हा उगवला का हे पाहण्यासाठी वर्षभराने पुन्हा कान उघडावा लागू शकतो किंवा विशेष एमआरआय करावा लागतो. भिंत काढली तर आजार परतण्याचा धोका कमी होतो, पण मोठी झालेली पोकळी ठरावीक काळाने डॉक्टरांकडून साफ करून घ्यावी लागते आणि पोहणे जवळपास सुटते.

जुन्या काळी वाहत्या कानाची शस्त्रक्रिया जीव वाचवण्यासाठीच होत असे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत वुलस्टाइन आणि झोल्नर यांनी पडदा व हाडांची साखळी पुन्हा जुळवण्याची पद्धत रूढ केली, तेव्हापासून आजार काढणे आणि ऐकणे सुधारणे ही दोन उद्दिष्टे शेजारी आली. मात्र त्यांचा क्रम बदललेला नाही. तेव्हा ‘कोलेस्टिटोमा आहे का, असल्यास कुठवर पोहोचला आहे?’ हा नेमका प्रश्न सीटी दाखवून विचारावा. तिसरे मत हवे असेल तर धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील कान-नाक-घसा विभागात घ्यावे.

प्रश्न: माझे वय ३६. जिनिंगच्या गोंगाटात मला इतरांचे बोलणे नीट समजते, पण घरात जावेचे बोलणे ऐकू येत नाही. घरातले म्हणतात, ही सोंग करते. माझ्या आईलाही असेच होते. डॉक्टरांनी रिकीब बदलण्याचे ऑपरेशन सुचवले आहे. (एक वाचक, शिरपूर)

उत्तर: ताई, हे सोंग नाही. हे ओटोस्क्लेरोसिसचे ओळखीचे लक्षण आहे. गोंगाटात समोरचा आवाज चढवून बोलतो आणि तुमच्या कानाला तो गोंगाट कमी पोहोचतो, म्हणून तिथे तुम्ही सरस ठरता. कानातल्या तीन हाडांपैकी रिकीब सर्वांत लहान, जेमतेम तीन मिलिमीटर उंचीची. तिचे बूड आतल्या कानाच्या खिडकीत हलते राहायला हवे, पण या आजारात त्याभोवती नवे हाड धरून ते घट्ट रुतते. १९५६ साली अमेरिकेत जॉन शी यांनी रुतलेली रिकीब काढून टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसवली. आज बहुधा बुडाला एक मिलिमीटरपेक्षा लहान छिद्र पाडून त्यात बारीक दांडी (पिस्टन) सोडतात आणि तिचा आकडा ऐरण या शेजारच्या हाडाला अडकवतात.

यश चांगले आहे, मात्र शंभरात एखाद्याचा तो कान पूर्ण बहिरा होऊ शकतो. म्हणून आधी अधिक बिघडलेला कान करतात आणि दुसरा लगेच करत नाहीत. काही दिवस चक्कर व काही महिने जिभेला चव वेगळी लागणे शक्य आहे, कारण चवीची नस तिथूनच जाते. श्रवणयंत्र हाही सन्मान्य पर्याय आहे आणि तो आधी महिनाभर वापरून पाहावा, असे माझे मत आहे. एक गोष्ट मात्र विसरू नये. आज तुमचा आजारच कानात बोळा घातल्यासारखे काम करत आहे. शस्त्रक्रियेनंतर तो बोळा निघेल, तेव्हा जिनिंगमध्ये कानरक्षक लावल्याशिवाय उभे राहू नये.

प्रश्न: नातू दोन वर्षांचा झाला, हाक मारली तर पाहत नाही. आमच्याकडे मुले उशिरा बोलतात, म्हणून पाच वर्षांपर्यंत थांबावे का? (एक आजी, शहादा)

उत्तर: आजी, एक महिनाही थांबू नका. बेरा तपासणी झोपेत होते, तिने ऐकण्याची पातळी कळते. बहिरेपण तीव्र असेल आणि श्रवणयंत्राने पुरेसा लाभ झाला नाही, तर कॉक्लियर इम्प्लांट करतात. त्यात कानामागे त्वचेखाली एक यंत्र बसवून त्याची बारीक तार आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात, म्हणजे कॉक्लियात सरकवतात आणि ती थेट नसेला संदेश देते. मेंदूचा भाषा शिकण्याचा काळ पहिल्या काही वर्षांतच असल्यामुळे उशिरा बसवलेल्या यंत्राचा लाभ घटतो. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र शासनाच्या एडिप योजनेतून हे यंत्र मिळते, मात्र तिथे वय व उत्पन्नाच्या अटी आहेत. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात आजच चौकशी करावी. यंत्र बसवल्यावर काही आठवड्यांनी ते सुरू करतात, त्यानंतर दोन-तीन वर्षे वाचा उपचार चालतात, आणि तिथे नातवासोबत घरातल्या ज्या माणसाला बसायचे आहे, ते आत्ताच ठरवून ठेवावे.