कार्बोरेटरवाल्या 800 ला एमपीएफआय टाकू का?

प्रश्न: बाबांची 1998 ची मारुती 800 आहे माझ्याकडे, कार्बोरेटरवाली. हिवाळ्यात एकदम मस्त चालते पण मे मधे भर दुपारी बर्डीवर व्हरायटी चौकाच्या सिग्नलला थांबली की बंद पडते, मग अर्धा तास सेल्फ मारत बसा. मेकॅनिक म्हणतो भंगारातल्या गाडीचा एमपीएफआय सेट (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी सिस्टीम) टाकून देतो, 35 हजार लागतील. टाकू का? गाडी विकायची नाहीये.
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर: भाऊ, एवढ्यात नका टाकू. सिस्टीम चांगलीच आहे, 2000 च्या आसपास कंपनीने स्वतःच 800 मधे ती आणली, पण तो काही एक पार्ट नाही ना, टाकीतला इलेक्ट्रिक पंप, इंजेक्टर, मॅनिफोल्ड, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), सेन्सर, वायरिंग असं सगळंच बदलावं लागतं. त्यात भंगारातलं वायरिंग म्हणजे कापून जोडलेलं, कुठला कनेक्टर कधी ढिला होईल सांगता येत नाही. आणि तुमच्या आत्ताच्या पंपाचं प्रेशर अर्ध्या बारच्याही खाली असतं, इंजेक्शनला साधारण 3 बार लागतं, ते जुन्याच पाइपांतून सोडलं तर लीक होऊन आग लागायची भीती, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

आधी दुखणं कुठं आहे ते तर बघा. तुमचा पेट्रोल पंप इंजिनच्या हेडलाच बसवलेला असतो, आपल्याकडे पारा 45 वर गेला आणि गाडी उभी राहिली की हवा लागत नाही, पाइपातलं पेट्रोल उकळून बुडबुडे होतात आणि पंप नुसता वाफ ओढत बसतो. पुढच्या वेळी बंद पडली की बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवा, पाच-दहा मिनिटांत चालू झाली तर गरमीचाच प्रॉब्लेम. नाहीच झाली तर स्पार्क चेक करायला सांगा, कारण इग्निशन कॉइल तापून बसली तरी हुबेहूब असंच होतं आणि मग एमपीएफआयचे पैसे पाण्यातच गेले असते.

माझी स्वतःची गाडी दोन उन्हाळे वर्धा रोडवर अशीच बंद पडायची, कार्बोरेटर तीनदा खोलला, शेवटी निघालं काय तर पंपाच्या आधीचा बोटभर रबरी पाइप क्लिपखाली चिरलेला, पेट्रोल बाहेर येत नव्हतं पण हवा आत ओढली जात होती. आता तर पेट्रोलमधे 20 टक्के इथेनॉल आहे, जुनं रबर त्याने लवकर खराब होतं. म्हणून सगळे रबरी पाइप इथेनॉलला चालणारे टाका, पंप आणि फिल्टर नवीन, कार्बोरेटरला नवीन किट, आणि पंपाखालचं इन्सुलेटर पॅकिंग जागेवर आहे ना ते स्वतः उभं राहून बघा. 35 हजारांच्या मानाने हा खर्च खूपच कमी आहे.

आणखी एक, गाडीला 15 वर्षं होऊन गेलीत, दर 5 वर्षांनी पासिंगला न्यावी लागते. मूळ रचनेत एवढा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येऊ शकतं, त्यामुळे पुढेमागे टाकायचंच ठरलं तरी आधी आरटीओत विचारा, मग मेकॅनिकला अ‍ॅडव्हान्स द्या.