घरी बांधायच्या विमानाच्या शेपटीचं किट आलंय? मग आधी हे वाच

अभिनंदन! पण पंखांची ऑर्डर एवढ्यात देऊ नकोस. हौस किती टिकते, ते शेपटी संपवतानाच कळतं. गॅरेज लहान आहे ही सबबही नको. अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं.

रिवेटचं, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्याचं म्हणशील, तर ठोकलेल्या टोकाचा व्यास दांड्याच्या दीडपट आणि उंची निम्मी, हे माप नजरेत बसेपर्यंत भंगार पत्र्यावर ठोकत राहा. भोकाच्या कडेवरून नख फिरव. अडकलं तर धातूची खरखरीत कूस राहिली. पुढे चीर तिथूनच जाते. चुकलेला रिवेट काढताना मी एकदा चिडून ड्रिल दाबलं, भोक अंडाकृती झालं आणि अख्खी रिब, म्हणजे आतली आधाराची फासळी, बदलावी लागली. राग आला की चहा प्यायला जा.

फोटो काढत राहा. अर्ध्याहून जास्त काम हौशी हातांनी झाल्याचं अमेरिकेत एफएएला, म्हणजे तिथल्या विमान नियामक संस्थेला, दाखवावं लागतं.

उडण्याआधी इंजिनाला पुरेसं पेट्रोल पोचतं का, ही चाचणी टाळू नकोस. नाक चढाईच्या कोनाइतकं वर कर, टाकीत थोडंच पेट्रोल ठेव, कार्बोरेटरकडे जाणारी पेट्रोलची नळी काढून बादलीत सोड आणि घड्याळ लाव. पूर्ण थ्रॉटलला इंजिन ताशी १० गॅलन पीत असेल, तर पंपाशिवाय नुसत्या उतारावर बादलीत ताशी १५ यायला हवं. पंप असेल तर साडेबारा.

पहिल्या उड्डाणाला नातेवाईक बोलावू नकोस. लोक जमले की 'आज नको' म्हणणं जड जातं. मी तसंच म्हणून परत गॅरेजात आलो होतो, तेलाची नळी ठिबकत होती.