डावा कौल
"देवाने डावा कौल दिलाय, आता गोळ्या कशा देऊ?" कौल म्हणजे गुरवामार्फत देवाला विचारून मिळालेलं उत्तर; डावा म्हणजे नकार. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर समुपदेशन करताना हा प्रश्न मला कितीतरी घरांतून आला आहे. मालवण तालुक्यातल्या एका सुनेनेही तोच विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) सासरे तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, पन्नाशीच्या पुढचे. टीबीचं औषध सुरू होऊन जेमतेम महिना, आणि आठ दिवसांपासून बंद.

पहिल्या भेटीत "कौलाने जंतू मरत नाहीत" असं मी बोलून गेले. ते उठून पडवीत जाऊन बसले. माझं चुकलंच.

पुढच्या खेपेला विचारलं, "तात्यानू, देवाक नेमका काय विचारलात?"

बराच वेळ गप्प. मग खालच्या आवाजात म्हणाले, "लघवी तांबडी होऊक लागली. कोणी काय केल्यान काय, ह्या विचारलंय."

म्हणजे भीती करणीची होती! तो रंग रिफाम्पिसिनचा. या औषधाने लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणीसुद्धा तांबूस होतं. ते रक्त नव्हे. गोळ्या हातात देताना हे कुणी सांगितलंच नव्हतं. दोन वाक्यांचं काम, त्यापायी आठ दिवस गेले.

रंगाचं कारण पटलं, तरी देवाचा शब्द मोडायचा कसा, हे उरलंच. त्यांची परवानगी घेऊन गुरवांना भेटले. गुरवांनी सोमवारी गाऱ्हाणं घातलं, "ह्या लेकराच्या औषधाक यश दी रे महाराजा!" मागून घरच्यांचं "होय महाराजा!" तात्यांचे जोडलेले हात थरथरत होते.

गुरव नाही म्हणाले असते तर? तरीही मी गोळ्यांचाच आग्रह धरला असता. औषध किती आणि कधीपर्यंत, हे डॉक्टरच ठरवणार. त्यात कौल नाही. खंड पडला होता म्हणून त्यांनी पुन्हा तपासून उपचार सुरू केले: दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. पाकीट देवघराच्या फळीवर. आंघोळ, देवाला फूल, गोळ्या, मग पेज. सहा महिन्यांत एकही सकाळ चुकली नाही.

परवा त्याच गुरवांनी वाडीतल्या एका बाईला पाठवलं. सोबत निरोप: "दोन आठवडे खोकता हा. तुमी थुंकी तपासा, गाऱ्हाणा मी घालतंय."