ग्रेडची घाई नको

नाशिकमध्ये सिडकोतून गंगापूर रोडपर्यंत मुलीला पियानोच्या क्लासला नेता-आणताय, तर एक सांगतो: "कितवी ग्रेड झाली?" या प्रश्नाला फार भाव देऊ नका. नातेवाईक विचारणारच.

एबीआरएसएम या लंडनच्या संगीत परीक्षा मंडळाच्या इनिशियल या सुरुवातीच्या परीक्षेनंतर पहिली ते आठवी अशा ग्रेड आहेत. प्रॅक्टिकल परीक्षा 150 गुणांची, पास व्हायला 100. तीन पीस (ठरवून दिलेल्या रचना) मिळून 90च गुण. बाकीचे 60 स्केल्स (स्वरांचे चढते-उतरते क्रम), साइट रीडिंग (न पाहिलेली स्वरलिपी बघून लगेच वाजवणं) आणि कानाच्या चाचणीचे (ऐकून स्वर-ताल ओळखणं). म्हणजे वर्षभर तेच तीन पीस घोटून भागत नाही. आणि बरेच क्लास नेमकं तेच करतात.

स्केल्स कंटाळवाण्या वाटतात, मान्य. पण सी मेजर स्केलमध्ये तिसऱ्या बोटानंतर अंगठा तळव्याखालून सरकवायची सवय पहिल्यांदा लागते. ती अडखळत राहिली, की पुढे चढत्या वेगात दर वेळी तिथेच ठेच लागते. साइट रीडिंगचंही तसंच: रोज चार ओळी नव्या, हळू, न थांबता. चुकलं तरी मागे जायचं नाही. नोटेशनवर पेन्सिलीने सा-रे-ग लिहून दिलंत, तर डोळे स्वरलिपी वाचणारच नाहीत.

सहाव्या ग्रेडच्या प्रॅक्टिकलला बसायचं तर साधारणपणे आधी पाचव्या ग्रेडची थिअरी पास लागते. ती तिसऱ्या ग्रेडपासूनच थोडी थोडी सुरू करा, नाहीतर शाळेच्या दहावीच्या वर्षात अंगावर येते. ट्रिनिटी या दुसऱ्या परीक्षा मंडळाला ही अट नाही.

आणि घरचा 61 पट्ट्यांचा कीबोर्ड सुरुवातीला चालेल. पुढे मात्र 88 वजनदार (दाबताना खऱ्या पियानोसारखा जोर लागणाऱ्या) पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या, सेकंडहँडही चालेल.