धानाची तणस बेलरमध्ये घालण्याजोगी वाळली, हे कसं ओळखायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हार्वेस्टरने धान काढून तीन दिवस झाले, बांधीतली (धानाच्या शेतातली) तणस, म्हणजे धानाचा पेंढा, वरून पिवळी दिसते, गठ्ठे बांधायचं यंत्र म्हणजे बेलर घेऊन बेलरवाला उद्या यायचं म्हणतो, पण मागच्या वर्षीचे काही गठ्ठे आतून काळे निघाले, तर यंदा काय बघून होकार द्यायचा?

दिवस मोजून होकार देऊ नका आणि वरच्या रंगावर तर मुळीच जाऊ नका. तणस तीन ठिकाणी तपासायची: हार्वेस्टरने मागे टाकलेल्या तणसीच्या ओळीच्या तळाशी, काडीच्या पेराच्या गाठीत आणि हार्वेस्टरच्या चाकांऐवजी असलेल्या पट्ट्यांनी जमिनीत पाडलेल्या चाऱ्यांमध्ये, म्हणजे खोल चाकोऱ्यांमध्ये. या तिन्ही जागा कोरड्या असतील तरच बेलर बोलवा.

कापणीच्या वेळी दाणा पिकलेला असला तरी काडी हिरवीच असते, तिच्यात निम्म्याहून जास्त पाणी असू शकतं. गठ्ठा बांधताना ते १५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली यायला हवं. १८ पर्यंतची तणस सैल बांधून, हवेशीर रचून निभावते. २० च्या वर गेली की बुरशी धरणारच. पोकळ नळी आणि पान लवकर वाळतं, पेराची गाठ मात्र भरीव असल्यामुळे सगळ्यात शेवटी. म्हणून ओळीत हात घालून जमिनीलगतची मूठभर तणस उपसा. जाड काड्या निवडून गाठीवर अंगठ्याचं नख रुतवा. नख ओलसर झालं किंवा आत हिरवट गर दिसला, तर अजून थांबा. मग मूठ पिळून बघा. वाळलेली तणस कडकड आवाज करत दोन-तीन पिळांत तुटते. ओली नुसती वळते आणि सोडली की हळूहळू उलगडते. एकाच जागी बघून भागत नाही. बांधीच्या चारही कोपऱ्यांत, धुऱ्याच्या सावलीत आणि पाणी साचणाऱ्या सखल भागात मिळून दहा-बारा मुठी तरी तपासा.

चाऱ्यांबद्दल जरा जास्त सांगतो, कारण मागच्या वर्षी सगळे नव्हे तर काहीच गठ्ठे काळे पडले, त्याचं कारण बहुधा तिथेच आहे. ओल्या बांधीत चेन हार्वेस्टर फिरला की त्याच्या पट्ट्यांनी चारी पडते, तणस तिच्यात दबते आणि खालून चिखलाची ओल ओढत राहते. बाकी ओळ कोरडी ठणठणीत असली तरी बेलरचा पिकअप (तणस उचलणारा पुढचा भाग) चारीतला तो ओला पुंजका उचलतो आणि गठ्ठ्याच्या मधोमध गुंडाळून टाकतो. तिथूनच गठ्ठा तापायला लागतो. यावर उपाय दोनच: रेकने (तणस ओढायच्या दातेरी अवजाराने) किंवा आकडीने चारीतली तणस बाहेर ओढून वेगळी वाळवायची, नाहीतर ती तिथेच सोडून द्यायची. पुढच्या हंगामात कापणीच्या दहा-बारा दिवस आधी बांधीचं पाणी तोडा आणि बुडखे वीतभर उंच ठेवायला सांगा. तणस बुडख्यांवर अधांतरी राहिली की खालून हवा खेळते. हार्वेस्टरला तणस बारीक करून पसरवणारं यंत्र जोडलेलं असेल तर ते बंद ठेवायला सांगा, कारण बारीक झालेली तणस पिकअपला उचलता येत नाही.

खरिपात, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात, चांगलं ऊन असेल तर साधारण तीन ते पाच दिवस लागतात, तेही मध्ये एकदा ओळ पलटवली तर. पलटी दव उडाल्यावरच मारा. बेलरही सकाळी दव पूर्ण गेल्यावर, म्हणजे दहा-अकराच्या पुढे सुरू करायचा आणि ऊन उतरायला लागलं की थांबवायचा. तणस हवेतली ओल फार लवकर ओढते; दुपारी कडकडणारी काडी संध्याकाळी मऊ पडलेली असते. उन्हाळी धानाचं उलटं आहे. मे महिन्यात एक-दोन दिवसांतच तणस इतकी कोरडी आणि गुळगुळीत होते की गोल गठ्ठे वळणाऱ्या छोट्या राउंड बेलरच्या रोलरवर ती घसरते आणि गठ्ठ्याचा गाभाच धरत नाही. तिथे भर दुपार टाळून सकाळी लवकर काम उरका.

हाताच्या अंदाजावर भरवसा नसेल तर घरीच मोजता येतं. तणस बोटभर लांबीची कापून किचनच्या वजनकाट्यावर बरोबर १०० ग्रॅम घ्या. मायक्रोवेव्हमध्ये पसरून ठेवा, कोपऱ्यात अर्धा कप पाणी असू द्या आणि मध्यम आचेवर तीन मिनिटं चालवा. वजन करा, खालीवर करा, मग एकेक मिनिट चालवून पुन्हा वजन करा. वजन उतरायचं थांबलं की मोजणी झाली. ८३ ग्रॅम उरले तर ओलावा १७ टक्के. काडी करपायला लागली तर त्याआधीचं वजन धरा.

मायक्रोवेव्ह नसेल तर मीठ वापरा. तव्यावर भाजून मोकळं केलेलं दोन चमचे मीठ आणि तणसीचे तुकडे कोरड्या काचेच्या बरणीत घाला, झाकण घट्ट लावून तीन मिनिटं हलवा. मीठ सुटंच राहिलं तर ओलावा साधारण १५ च्या खाली आहे. गोळे झाले किंवा काचेला चिकटलं तर जास्त आहे. काटेवाला मॉइश्चर मीटर सैल ओळीत खुपसू नका, आकडा कमी दाखवतो. तणस बादलीत पायाने दाबून भरा, मग टोचा आणि सरासरीपेक्षा सगळ्यात मोठ्या आकड्याकडे लक्ष द्या.

बेलर सुरू झाल्यावर पहिले चार-पाच गठ्ठे लगेच तोला. एकाच मापाच्या गठ्ठ्यांत एखादा दोन-तीन किलोने जड भरला तर तो पाण्याचाच भार आहे. १२ टक्क्यांना साधारण १३ किलो भरणारा गठ्ठा २५ टक्क्यांना १५ च्या पुढे जातो. भाडं गठ्ठ्यामागे ठरत असेल तर चालकाला घाई असणारच. थांबायचं की नाही हे तुम्हीच ठरवायचं. ओलावा सीमेवर असेल तर बेलरचा दाब कमी करायला लावा.

गठ्ठे लगेच ताडपत्रीखाली कोंडू नका. लाकडाच्या ओंडक्यांवर, मध्ये फटी ठेवून रचा आणि पहिले तीन-चार आठवडे लक्ष ठेवा. थप्पीत लोखंडी सळई खोलवर खुपसून पंधरा-वीस मिनिटांनी काढा. कोमट लागली तर ठीक. हातात धरवत नसेल तर आतलं तापमान ६० अंशांच्या आसपास किंवा वर गेलं आहे. थप्पी मोकळी करायची, पण पाणी जवळ ठेवूनच, कारण तापलेल्या गठ्ठ्याला अचानक हवा मिळाली की तो पेट घेऊ शकतो.

काळे, कुबट वासाचे गठ्ठे जनावरांना मुळीच घालू नका, वरचा थर काढूनही नाही. बुरशी लागलेल्या तणसीने हिवाळ्यात म्हशींना देगनाला नावाचा रोग होतो: कानाची टोकं, शेपटीचा शेंडा आणि खुरांजवळची कातडी सडायला लागते. असं काही दिसलं तर ती तणस त्याच दिवशी बंद करा आणि पशुवैद्यकांना बोलवा. तसले गठ्ठे शेणखताच्या खड्ड्यात टाका.