कमिट केलेलं राहतं कुठे?

प्रश्न : ताई, मामांचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढायचा प्रोग्राम मी त्यांना लिहून देतोय आणि तो गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये, ठेवलाय. गिट प्रत्येक कमिटला (आवृत्तीची नोंद करताना) फक्त बदल साठवतं की सगळ्या फाइली? सौद्याच्या दरांची एक्सेल फाइलही त्यातच आहे आणि फोल्डर फुगत चाललंय. शिवाय परवा तोलाई-हमालीची ब्रांच (त्या कामाची वेगळी शाखा) चुकून उडवली. ते काम गेलं का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : आधी ब्रांचचं बघू, कारण तिथे घाई आहे. कमिट केलं असशील तर काम गेलेलं नाही. त्याच संगणकावर, त्याच फोल्डरमध्ये ‘गिट रिफ्लॉग’ चालव. तू कुठल्या कमिटवरून कुठे गेलास, ते सगळं दिसेल. त्यातला तोलाईच्या कमिटचा हॅश, म्हणजे तिची ओळख असलेली अक्षरं-आकड्यांची ओळ, उचल आणि ‘गिट ब्रांच’नंतर नवं नाव व तो हॅश लिही. ब्रांच परत आली. अशा अनाथ (कुठलीच ब्रांच न उरलेल्या) कमिटच्या रिफ्लॉगमधल्या नोंदी साधारण ३० दिवस टिकतात, तेवढ्यात हे उरकून घे. दुसऱ्या संगणकावर क्लोन करून (गिटमधून प्रत उतरवून) शोधू नकोस, रिफ्लॉग तिकडे जात नाही.

हे शक्य होतं, कारण ब्रांच म्हणजे बहुतेक वेळा ४१ बाइटची एक फाइल असते: कमिटचा ४० अक्षरी हॅश आणि ओळ संपल्याची खूण. तू उडवलीस ती ही चिठ्ठी. कमिट जागच्या जागी आहे.

आता साठवणीचं. माझ्या वर्गात मी पहिल्याच तासाला ‘.गिट’ फोल्डर उघडायला लावते, गिट सगळं त्यातच साठवतं. कमांड पाठ करून गिट वापरणारी मुलं प्रत्येक एररला घाबरतात. ज्यांनी आत डोकावलंय ती घाबरत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे.

तू ‘गिट अ‍ॅड’ करतोस तेव्हा फाइलमधला पूर्ण मजकूर घेऊन, त्याच्या पुढे प्रकार आणि लांबी जोडून, एसएचए-१ पद्धतीने हॅश काढला जातो. तो हॅश हेच त्या वस्तूचं नाव. पहिली दोन अक्षरं ‘ऑब्जेक्ट्स’मधल्या फोल्डरचं नाव होतात, उरलेली ३८ फाइलचं. हा झाला ब्लॉब. त्यात फाइलचं नाव नसतं. नावं ‘ट्री’मध्ये, म्हणजे फोल्डरच्या यादीत, असतात, आणि कमिटमध्ये ट्रीचा हॅश, आधीच्या कमिटचा हॅश, लेखक, वेळ आणि संदेश. ‘गिट कॅट-फाइल -पी’ आणि पुढे हॅश देऊन हे सगळं स्वतः वाचून बघ.

म्हणजे गिट पूर्ण फाइल साठवतं. वॉल्टर टिची यांच्या १९८२ च्या आरसीएस या आवृत्त्या सांभाळणाऱ्या जुन्या प्रोग्राममध्ये ताजी आवृत्ती पूर्ण असे आणि मागे जायला फरक ठेवलेले असत. तलाठ्याच्या दप्तरातलं उदाहरण घे: तिथे जुन्या स्थितीकडे जायला फेरफार उलटे चाळावे लागतात, गिट दर वेळचा अख्खा सातबारा ठेवतं. पण जी फाइल बदललीच नाही तिचा मजकूर तोच, म्हणून हॅश तोच, म्हणून नवा ब्लॉब बनतच नाही. नवी ट्री जुन्या ब्लॉबकडेच बोट दाखवते. लिनस टॉरवल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी गिट लिहायला घेतलं, तेव्हापासून पाया हाच आहे, आणि मला त्यातली ही काटकसर अजूनही सुंदर वाटते.

फरक येतात ते पुढे, ‘गिट जीसी’ या आवराआवर करणाऱ्या कमांडच्या वेळी. तेव्हा सारखे दिसणारे ब्लॉब शोधून एक पूर्ण ठेवतात आणि बाकीचे त्याच्या फरकाने, एकाच पॅक फाइलमध्ये. वापरणाऱ्याला मात्र फाइल पूर्णच मिळते.

तुझं फोल्डर फुगतं ते याच ठिकाणी. आजची एक्सेल फाइल म्हणजे आतून झिप केलेला गठ्ठा. एका क्विंटलचा दर बदलला तरी दाबलेले बाइट बरेच बदलतात, आणि फरक जवळजवळ फाइलएवढाच होतो. दर साध्या सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी वेगळा केलेला नुसता मजकूर) ठेव. मग काय बदललं तेही ‘गिट डिफ’मध्ये ओळीगणिक वाचता येईल.

जुनी एक्सेल आता काढून टाकलीस तरी आधीची कमिट तिच्याकडे बोट दाखवतातच, त्यामुळे जागा सुटणार नाही. ती इतिहासातून पुसायची तर त्या कमिटपासून पुढचे सगळे हॅश बदलतील. प्रोग्रामची प्रत अजून तुझ्या एकट्याकडेच असेल तर खुशाल कर, पण आधी तोलाईची ब्रांच परत मिळव आणि पूर्ण फोल्डरची एक नक्कल बाजूला काढून ठेव.