जुनी पिकअप घेतली आहे, टायरवर 65 लिहिलंय, पंपावाला 45 भरतो. हवा नेमकी किती ठेवायची?

तुम्ही लिहिलंय की नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेता, हवेचे आकडे दिलेलं दारावरचं कंपनीचं स्टिकर रंगकामात गेलंय, पंपावरचा मुलगा चारही टायरांत 45 भरतो आणि पंक्चरवाले काका म्हणतात 65 ठेवा. दोघांचंही ऐकू नका. मी नऊ वर्षं याच रस्त्यावर पिकअप चालवतोय. हवा गाडीवर नाही, त्या चाकावर किती वजन येतं त्यावर ठरते. म्हणून पुढची आणि मागची हवा वेगळी, भरलेल्या गाडीची आणि रिकाम्या गाडीचीही वेगळी.

आधी त्या 65 चं बघू. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत पूर्ण ओळ आहे, ती वाचा. माझ्या टायरवर 106/104 आकडा आहे, म्हणजे एकेरी चाकाला जास्तीत जास्त 950 किलो आणि जोडटायर असतील तर प्रत्येकी 900. हे 950 किलो पेलायला थंड टायरात 65 पॉइंट (psi) हवा लागते, एवढंच ती ओळ सांगते. रोज 65 ठेवा असं ती म्हणत नाही. तुमच्या टायरवर आकडे वेगळे असतील तर तेच धरा.

आता गाडी एकदा माल भरून वजनकाट्यावर न्या. पूर्ण गाडीचं वजन करा, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून करा. वजाबाकी केली की मागचं वजन मिळतं. माझे 50 क्रेट भरले की पुढे साधारण 1,020 किलो येतात आणि मागे 1,650. म्हणजे मागच्या एका चाकावर 825. पुढे साधं त्रैराशिक: 950 ला 65, तर 825 ला किती? साडेछप्पन. मी 57 ठेवतो. पुढे एका चाकावर 510 किलो, म्हणजे 35. खरं तर हवा कमी केली की टायरची ताकद त्याच प्रमाणात घटत नाही, थोडी कमीच घटते. त्यामुळे त्रैराशिकाचा आकडा गरजेपेक्षा जरा जास्तच येतो आणि ती चूक सुरक्षित बाजूची आहे. क्रेट एका बाजूला जास्त रचले जात असतील तर मागे दोन-तीन पॉइंट आणखी घाला.

हाच हिशोब रिकाम्या गाडीला लावला तर मागे 24 येईल. ते मात्र करू नका. कंपनीच्या पुस्तकात पुढचा-मागचा, भरलेल्या-रिकाम्या गाडीचा आकडा दिलेला असतो, त्याच्या खाली कधीच जायचं नाही. पुस्तक नसेल तर तुमच्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचं दार उघडून स्टिकरचा फोटो काढा. स्टिकर आणि हिशोब यात जो आकडा मोठा, तो ठेवायचा. फक्त टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर जायचं नाही. हिशोबच त्याच्या वर जात असेल तर माल कमी करा, हवा वाढवून तो प्रश्न सुटत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे सगळे आकडे थंड टायरचे आहेत. गाडी किमान तीन तास उभी असली पाहिजे, किंवा पंप घरापासून दीड-दोन किलोमीटरच्या आत असला पाहिजे. यावर मी जोर देतोय कारण मी इथेच चुकलो होतो. मे महिन्यात दुपारी भरल्या गाडीनं मुरबाडपर्यंत आलो, गेजवर मागे 64 दिसले. घाबरून 55 पर्यंत हवा सोडली. टायर तापला की एवढी वाढ होणारच, ती धरूनच थंड टायरचा आकडा दिलेला असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सकाळी थंड टायरात 49 च उरली असणार, मी ती पाहिलीच नाही. त्याच हवेवर पंधरा दिवस माल वाहिला आणि मग ओतूरच्या पुढे मागचा टायर गेला. दुकानात रिमवरून उतरवला तेव्हा आतून चहापत्तीसारखा काळा रबराचा चुरा पडला, ओंजळभर. कमी हवेवर टायरची बाजू दर फेऱ्याला दुमडते, तापते आणि आतून झिजत जाते. बाहेरून नक्षी चांगली दिसत होती.

तेव्हापासून चहाला थांबलो की चारही टायरांच्या बाजूला तळहात लावतो. एकाच एक्सलवरचा एक टायर दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर त्याची हवा कमी आहे किंवा ब्रेक धरतोय. नक्षीही बोलते: मध्ये झिजली तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजली तर कमी, एकाच कडेला झिजली तर अलाइनमेंट बघा.

परतताना गाडी रिकामी उडते म्हणालात, ते मागच्या जास्त हवेमुळेही होतं. पावसाळ्यात माळशेजच्या ओल्या वळणांवर ती मागून घसरते, म्हणून वेग कमी ठेवा. त्याच रात्री पुन्हा माल भरायचा असेल तर हवा सोडायच्या भानगडीत मी पडत नाही. चार-पाच दिवस गाडी रिकामी फिरणार असेल तर मात्र स्टिकरवरच्या रिकाम्या आकड्यावर आणतो.

स्वतःचं गेज घ्या. पंपापंपाच्या काट्यांत पाच-पाच पॉइंटांचा फरक मी पाहिलाय. आठवड्यातून एकदा सकाळी तपासा. जुन्नरकडे डिसेंबरची सकाळ आणि मे महिन्याची सकाळ यात दहा-पंधरा अंशांचा फरक पडतो, आणि 57 च्या टायरात दर दहा अंशांना साधारण अडीच पॉइंट इकडचे तिकडे होतात. नायट्रोजनचा आग्रह नको, साध्या हवेतही तो 78 टक्के असतोच.

आणि स्टेपनी. तिच्यात नेहमी मागच्या भरल्या गाडीएवढी हवा ठेवा. घाटात पुढे लावायची वेळ आली तर सोडता येते, रात्री दोन वाजता भरून द्यायला तिथे कोणी नसतं.